उजवी बाजू : नोंद नाही

तळघराच्या भिंतीवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या,
पिवळ्या, हाताने आकडे घातलेल्या,
पंधरा-पंधरा अंशांच्या अंतरावर.
माझं काम एवढंच : आकडा पुकारायचा
आणि खुर्चीतल्या माणसाला बजावायचं,
डोळे नका फिरवू. नाक न्या तिकडे.
नाक म्हणजे घड्याळाचा काटा समजा.

ग्रनोबलमधला मार्च. खोलीला खिडकी नाही,
येणाऱ्यांच्या बुटांना लागलेल्या चिखलावरून कळायचं
वर बर्फ वितळतंय की पडतंय.
एका बैठकीचे पंधरा युरो.
विद्यार्थी यायचे. एक पाववाली आली, कानामागे पीठ.
एक पाद्री, ज्याला मान खाली घालायचा सराव होता,
वर करायचा अजिबात नव्हता.
समोरून यंत्र सगळ्यांना ओळखायचं.
तीस अंशांवर ओळखायचं, पंचेचाळीसवर चाचरायचं,
साठाच्या पुढे एक डोळा नाकाआड बुडाला
की कुणीही कुणीही व्हायचं :
पाद्र्याला पाववाली म्हणायचं,
ब्याऐंशी टक्के खात्रीनं.

मंगळवारी फेरेओल ब्रेसाँ आला.
एकतीस वर्षं रोपवेच्या खालच्या ठाण्यात,
डावीकडच्या काचेतून उतरते पाळणे मोजत.
डावीकडे मान वळली घुबडासारखी.
उजवीकडे पंधरा. कण्हत कण्हत वीस.
मग अडली, गंजक्या बिजागरीसारखी.
"त्या बाजूनं कधी काही येतच नव्हतं," तो म्हणाला,
जणू चूक पाळण्यांची.

मी रकान्यात लिहिलं : उजवी बाजू, नोंद नाही.

आमचा प्रोग्रामवाला तिबो म्हणाला, त्यात काय,
चेहरा म्हणजे मधोमध घडी घातलेला कागद.
त्यानं डावी बाजू उलटवली, नाकावर सांधली,
आणि दोन सेकंदांत फेरेओलला
नव्वद अंश वळणारा उजवा गाल मिळाला.
यंत्रानं तो लगेच ओळखला.
ओळखणारच की. घरचाच होता.

न्यायला बायको आली, ओडेत,
ओली छत्री दाराला टेकवून.
पडद्यावरच्या फोटोंवरून तिची नजर सरकत गेली
आणि त्या गालावर थांबली.
"हा कोण? याचा भाऊ तर वारला."

मग पडद्याला हात न लावता,
वीतभर अंतरावरून बोटानं दाखवू लागली :
इथे तार तुटली तेव्हाचा व्रण.
कानाची पाळी दुमडलेली, जन्मापासून.
भुवईत एक पांढरा केस, लांब, काढू देत नाही.
आणि इथे उशीची चुणी उमटते,
ती दुपारपर्यंत जात नाही.
पलंगाची ती बाजू माझी, ती म्हणाली.
गाडी हा चालवतो, मी शेजारी. जेवताना तीच खुर्ची.
डावीकडून विचाराल
तर माझीही जेमतेम तोंडओळख.

फेरेओल नाकासमोर बघत होता.
हसला असावा. मी उभी होते
तिथून दिसलं नाही.

जाताना तिनं काहीतरी विचारलं, बहुतेक किल्ल्यांचं,
तेव्हा तो तिच्याकडे वळला,
मानेनं नाही, सबंध :
खांदे, कोट, गुडघे, चिखलाचे बूट,
जसं एखादं कपाट दोघं मिळून फिरवतात
तसा, एकटाच.
किती अंश, ते मोजायची भिंतीवर सोय नव्हती.

तिबोनं तो गाल पुसला नाही.
बाकीचे आकडे बिघडतात म्हणाला.
पुढच्या महिन्यात साठ्याच्या प्रती निघाल्या,
कुठे कुठे गेल्या, यादी माझ्याकडे नाही.
मी चिठ्ठ्या काढल्या. गोंदाचे चौकोन राहिले.
आणि कुठल्या तरी दारावर बसवलेलं एखादं यंत्र
अजून वाट बघत असेल
एका गुळगुळीत गालाच्या म्हाताऱ्याची,
जो उजवीकडे सहज बघू शकतो.